शेवटच्या पुस्तकाचे गुण

(द्वितीय वर्ष, कला)

महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील पुस्तकांना दोन प्रकारचे लेखक असतात. एकाचे नाव वेष्टनावर छापलेले असते. दुसरा निनावी असतो आणि त्याचे सारे साहित्य शिसपेन्सिलीत असते. पाठ्यपुस्तकांच्या समासात हा दुसरा लेखक फारसा रमत नाही. तेथे तो 'महत्त्वाचे', 'फार महत्त्वाचे' आणि 'हे सरांनी वगळले आहे' एवढ्यावर भागवतो. पण कादंबरी हाती पडली की तो खुलतो. रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर खुनी कोण हे लिहून ठेवणारा दुष्ट तोच, आणि कादंबरीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर आपला अभिप्राय नोंदवून पुढच्या वाचकाला सावध करणारा सज्जनही तोच.

अशाच एका कोऱ्या पानाने मला गेले वर्षभर विचारात पाडले आहे. आपल्या ग्रंथालयाच्या इंग्रजी विभागात, सर्वांत खालच्या फळीवर, जेथे वाकल्याशिवाय हात पोहोचत नाही, तेथे एक कव्हर गेलेले पुस्तक आहे : इयान फ्लेमिंगची 'द मॅन विथ द गोल्डन गन'. जेम्स बाँड या गुप्तहेरावरची ही शेवटची कादंबरी. तिच्या शेवटच्या पानावर सहा वेगवेगळ्या हस्ताक्षरांत सहा अभिप्राय आहेत.

पहिला : 'रद्दी.'
त्याखाली दुसरा : 'रद्दी नव्हे. लेखक आजारी होता.'
तिसरा : 'आजारी होता तर लिहायचे कशाला?'
चौथा : 'पहिली दोन प्रकरणे वाचा आणि पुस्तक परत करा.'
पाचवा : 'बाँड आधीच्या पुस्तकातच संपला असता तर बरे झाले असते.'
सहावा, मोठ्या अक्षरांत : 'पिक्चर बघा.'

पुढे मी या पुस्तकाविषयी मिळेल ते वाचले, आणि लक्षात आले की १९६५ पासून वाचक आणि टीकाकार या कादंबरीबद्दल जे बोलत आले आहेत त्यातले बहुतेक या सहा ओळींत येऊन गेले आहे. म्हणून त्यांच्याच वाटेने जावे असे ठरवले.

आधी थोडी ओळख. इयान फ्लेमिंग १९०८ साली जन्मला. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात होता, नंतर वृत्तपत्रात. जमैका बेटावर त्याने समुद्राकाठी एक घर बांधले होते. त्याचे नाव 'गोल्डनआय'. दर हिवाळ्यात दोनेक महिने तो तेथे जाई, रोज सुमारे दोन हजार शब्द टंकलिखित करी आणि परतताना बाँडचे नवे पुस्तक घेऊन येई. 'कॅसिनो रोयाल' हे पहिले पुस्तक १९५३ चे. तेव्हापासून जवळजवळ दर वर्षी एक, असा हा रतीब चालला. त्यातली बारावी कादंबरी १ एप्रिल १९६५ रोजी बाजारात आली तेव्हा लेखकाला जाऊन साडेसात महिने झाले होते. १२ ऑगस्ट १९६४ रोजी हृदयविकाराने तो वारला. वय छप्पन्न. बाँडच्या गोष्टींचे आणखी एक छोटे पुस्तक १९६६ मध्ये निघाले, पण त्या गोष्टी आधीच लिहून झालेल्या होत्या. कादंबरी म्हणाल तर हीच शेवटची.

आता माझी ओळख. मी बीड जिल्ह्यातली. माझे आईवडील ऊसतोडीला जातात. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. अभ्यासाबाहेरचे इंग्रजी पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचले ते हे पहिले. शेजारी वीरकरांचा शब्दकोश ठेवून वाचायला मला तीन आठवडे लागले. गुप्तहेर इतक्या संथपणे मेलेला जगात दुसऱ्या कोणी पाहिला नसेल. पण संथ वाचण्याचा एक फायदा होतो. घाईत वाचणारा ज्या फटी ओलांडून जातो, त्यांत आपला पाय अडकतो.

चौथ्या अभिप्रायापासून सुरुवात करते, कारण त्याच्याशी मी सर्वांत जास्त सहमत आहे. या कादंबरीचा आरंभ खरोखरच जबरदस्त आहे. आदल्या कादंबरीत, म्हणजे १९६४ च्या 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'मध्ये, बाँड जपानात बेपत्ता होतो. तो मेला असे समजून त्याचा वरिष्ठ 'एम्' वृत्तपत्रात त्याचा मृत्युलेखही लिहितो. प्रत्यक्षात स्मृती गेलेला बाँड रशियाच्या दिशेने निघालेला असतो. नव्या पुस्तकाच्या सुरुवातीला तोच बाँड वर्षभराने लंडनला परत येतो, पण शत्रूने त्याचे मन धुऊन काढलेले असते. ज्याच्यासाठी त्याने आयुष्यभर जीव धोक्यात घातला त्या 'एम्'लाच मारायला त्याला पाठवलेले असते. तो खोलीत बसतो, शांतपणे बोलतो, आणि मग विषाचे पिस्तूल काढतो. पिचकारी उडते त्याच क्षणी छतातून जाड काचेचा पडदा खाली येतो आणि 'एम्' वाचतो. पुढे बाँडवर विजेचे उपचार होतात. 'एम्' मात्र त्याला क्षमा करण्याऐवजी एका अवघड कामगिरीवर धाडतो : स्कारामांगा नावाच्या सोनेरी पिस्तूलवाल्या मारेकऱ्याला संपवायचे. जमले तर डाग धुतला गेला, नाही जमले तर कामावर असताना मेला. 'एम्'च्या कचेरीतल्या सहकाऱ्यालासुद्धा हा हिशेब थंड रक्ताचा वाटतो.

येथपर्यंत पुस्तक हातातून सुटत नाही. स्कारामांगाची हकीकतही तशीच. तो लहानपणी सर्कशीत असतो. त्याचा लाडका हत्ती पिसाळतो, पोलीस त्या हत्तीला गोळ्या घालतात आणि तो सोळा वर्षांचा पोरगा त्या पोलिसाला. सर्कशीतल्या हत्तीमुळे खुनी झालेला माणूस मला फार खरा वाटला.

मग बाँड जमैकाला पोहोचतो आणि पुस्तक बसते. स्कारामांगा त्याला एका कळकट ठिकाणी भेटतो आणि पाच मिनिटांच्या ओळखीवर आपल्या अर्धवट बांधलेल्या हॉटेलात रखवालीच्या कामाला ठेवतो. तेथे गुंडांची बैठक, मग एक आगगाडी, मग दलदल, मग शेवट. मोटारीत स्कारामांगाच्या मागे बसलेल्या बाँडला त्याला संपवण्याची सरळ संधी मिळते, पण पाठमोऱ्या माणसावर त्याचा हात उठत नाही. हे त्याच्या शीलाला शोभते, पण मग पुढची शंभर पाने केवळ या शीलामुळेच लिहावी लागली असे वाटत राहते. 'रद्दी' लिहिणारा बहुधा येथेच कोठेतरी उठला असावा.

आता दुसरा अभिप्राय. लेखक आजारी होता हे खरे आहे. १९६१ मध्ये त्याला हृदयविकाराचा पहिला झटका आला. त्यानंतर एका जुन्या पुस्तकावरून कोर्टकचेरी झाली, ती १९६३ च्या अखेरीस मिटली. १९६४ च्या आरंभी तो शेवटचा जमैकाला गेला, तेव्हा दिवसातला थोडाच वेळ त्याला लिहिणे झेपत होते. त्याची पद्धत अशी की पहिला खर्डा मागे वळून न पाहता एका दमात लिहायचा आणि इंग्लंडात परतल्यावर त्यात रंग भरायचे : जेवणाचे पदार्थ, कपडे, पिस्तुलांच्या जाती, पत्त्यांचे डाव. बाँडच्या चाहत्यांना जी श्रीमंती आवडते ती सारी या दुसऱ्या हातातली. शेवटच्या पुस्तकाला तो दुसरा हात लागलाच नाही. भिंत उभी राहिली, गिलावा राहिला.

आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही, की या पुस्तकाबद्दल पहिले वाईट मत खुद्द लेखकाचे होते. विल्यम प्लोमर नावाचा कवी फ्लेमिंगची हस्तलिखिते प्रकाशकासाठी वाचत असे. फ्लेमिंगने त्याला कळवले की आता हा बाँड शेवटचाच, दम आणि हौस दोन्ही संपली. पुस्तक त्याला इतके अपुरे वाटत होते की ते परत घ्यावे आणि पुढच्या वर्षी जमैकात नीट करावे असे त्याच्या मनात होते. प्लोमरने समजूत घातली की पुस्तक चांगले आहे. पुढचे वर्ष उजाडलेच नाही. मग प्रकाशकांनी हस्तलिखित किंग्स्ली एमिस या नामवंत कादंबरीकाराला वाचायला दिले. त्याने सूचना केल्या, पण त्यातल्या बहुतेक घेतल्या गेल्या नाहीत. छापून आल्यावर परीक्षणे थंड आली. अनेकांनी लेखक नुकताच गेला म्हणून लेखणी आवरती घेतली. खप मात्र भरपूर झाला.

म्हणजे आमच्या ग्रंथालयातल्या दुसऱ्या वाचकाने लिहिलेली ओळ लंडनच्या परीक्षकांनीही मनातल्या मनात लिहिली होती. मला ती ओळ वाचताना पहिल्यांदा बरे वाटले, मग थोडे अवघडल्यासारखे झाले. 'आजारी होता, जाऊ द्या' असे आपण म्हणतो तेव्हा त्या माणसाला आपण लेखकांच्या रांगेतून काढून रुग्णांच्या रांगेत बसवतो. लेखक तर शेवटपर्यंत लेखकांच्याच रांगेत उभा होता, म्हणून तर त्याला ते पुस्तक परत हवे होते.

सहाव्या अभिप्रायाचे काम लवकर उरकते. १९७४ साली याच नावाचा चित्रपट आला. त्यात बाँड रॉजर मूर आणि स्कारामांगा ख्रिस्तोफर ली. नाव तेच, पिस्तूल तेच, बाकी सारे वेगळे. जमैका जाऊन थायलंडचे बेट आले आणि पुस्तकातला आडदांड गुंड पडद्यावर सभ्य, सुसंस्कृत मारेकरी झाला. वसतिगृहातली माझी खोलीतली मैत्रीण हा चित्रपट मोबाइलवर पाहून मला कादंबरीवर अर्धा तास व्याख्यान देत होती. तिला कादंबरीत आगगाडी आहे हेही ठाऊक नव्हते. पण तिचे मत माझ्यापेक्षा ठाम होते. मत ठाम असायला पुस्तक वाचलेले असावे लागते असे नाही, हे तेव्हा समजले.

राहिला तिसरा अभिप्राय : आजारी होता तर लिहायचे कशाला? या प्रश्नाचे उत्तर मला ग्रंथालयात मिळाले नाही. ते उसाच्या फडात मिळाले.

दिवाळी झाली की आमच्या गावातली निम्मी घरे कुलपे लावून ऊसतोडीला जातात. शाळेत असताना मी आजीजवळ राहत असे. आता सुट्टी लागली की चार दिवस आईवडिलांकडे जाऊन येते. जानेवारीत गेले तेव्हा पिशवीत हे पुस्तक होते. पहाटे अंधारात कोयता घेऊन गेलेली माणसे संध्याकाळी परतली, कोपीपुढे चुली पेटल्या, आणि भाकरी होईपर्यंत दादांनी विचारले, "काय वाचतीस माय एवढं?" मी गोष्ट सांगू लागले. शेजारच्या दोन कोप्यांतली माणसेही येऊन बसली.

हत्तीची गोष्ट सगळ्यांना आवडली. काचेचा पडदा पडला तेव्हा एक मावशी भाकरी थापायची थांबली. मग मी जमैकात आले, आणि तेथे ऊस आहे हे कळल्यावर सभेचा रंगच पालटला. कारण कादंबरीतले कारस्थान उसाचेच आहे. १९६३ च्या फ्लोरा नावाच्या वादळाने आणि पावसाने क्यूबाचा ऊस झोपलेला. जमैकातल्या फ्रोमच्या मळ्यांत आगी लावून, घातपात करून तेथील साखर कमी करायची, म्हणजे क्यूबाच्या साखरेला भाव चढेल, असा स्कारामांगाच्या मागच्या मंडळींचा बेत असतो.

जळक्या उसाबद्दल आमच्या माणसांना कोणी शब्दकोश द्यायला नको. पेटलेला ऊस लगेच गाळला नाही तर वजन घटते, उतारा घटतो. कारखाना त्याचे पैसे कापतो. तोडताना काजळीने माणूस ओळखू येत नाही, आणि वाढे जळून गेल्याने बैलांना घालायला काही उरत नाही. हे सगळे बोलून झाल्यावर दादांनी विचारले, "आन् त्या गोष्टीत तोडणारं कोण हाय?"

मी पुस्तक आठवून पाहिले. मळ्याचा साहेब आहे. आगी लावणारे आहेत. साखरेच्या भावावर डाव मांडणारे आहेत. तोडणारा कोणी नाही. ज्या फ्रोमच्या मळ्याचे नाव पुस्तकात येते, तेथे १९३८ साली मजुरांनी दंगा केला होता आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली होती. जमैकातली कामगार चळवळ त्या वर्षापासून बळावली. जमैकाच्या उसात राबायला १८४५ पासून हिंदुस्थानातूनही हजारो मजूर नेले होते. हे मी नंतर वाचून काढले. फ्लेमिंग त्या बेटावर अठरा-एकोणीस हिवाळे राहिला. त्याला पक्षी दिसले, मासे दिसले, तोडणारा दिसला नाही. एवढ्या साऱ्या वाचकांच्या अभिप्रायांत मला हा अभिप्राय आढळला नव्हता.

दादांचा दुसरा प्रश्न गोष्टीबद्दल होता. स्कारामांगा बाँडला कामावर ठेवतो तेथे त्यांनी मला थांबवले. "वळखपाळख न्हाई, गाव ठावं न्हाई, आन् ठिवला कामाला? मुकादम बी जामीन बघितल्याबिगर उचल देत न्हाई. हा तर चोराचा धंदा. लेखकानं हितं घाई केली बघ."

आणि तिसरा प्रश्न मी लेखकाच्या आजाराची हकीकत सांगितल्यावर आला. दादा थोडा वेळ गप्प राहिले. दोन हंगामांपूर्वी त्यांना कावीळ झाली होती. त्या वर्षी त्यांचा आणि आईचा कोयता दीड महिना बंद राहिला, आणि उचल फिटली नाही म्हणून बाकी पुढच्या हंगामावर चढली. ते म्हणाले, "त्याच्यावर कुनाची उचल होती?"

हाच तो तिसरा अभिप्राय. फक्त त्यात कुचेष्टा नव्हती, खरी चौकशी होती. फ्लेमिंगवर कोणाची उचल असणार? तो सुखवस्तू घराण्यातला, पुस्तके लाखांनी खपत होती, चित्रपट निघू लागले होते. तो थांबला असता तर कोणी दारात आले नसते. मी तसे सांगितले. पण परतीच्या एस. टी.त तो प्रश्न माझ्या शेजारी बसून होता. दर वर्षी एक पुस्तक, ही सवय त्याला कोणी लावली? प्रकाशकाने, वृत्तपत्रांनी, चित्रपटवाल्यांनी, आणि सर्वांत जास्त वाचकांनी. मालिकेचा वाचक पहिल्या पुस्तकाला पाहुणा असतो, बाराव्याला मुकादम झालेला असतो. 'यंदाचा बाँड कोठे आहे?' असे तो हक्काने विचारतो, आणि तो वजनात कमी भरला तर 'रद्दी' म्हणून लिहितो. आपण शेवटच्या पुस्तकावर चिडतो त्यात पुस्तकाचा दोष असतोच, पण उचल वसूल न झाल्याचा रागही थोडा असतो. पाचवा अभिप्राय लिहिणाऱ्याचे दुःख याहून निराळे आहे. त्याला बाँडचे मरण हवे होते असे नाही. आदल्या कादंबरीतला तो मृत्युलेख वाचून त्याने मनात निरोप घेऊन टाकला होता. एकदा घेतलेला निरोप पुन्हा घ्यायला लागला की माणसाला रडूही येत नाही आणि आनंदही होत नाही.

फेब्रुवारीत आपल्या वाङ्मय मंडळाने 'लोकप्रिय कादंबरी' या विषयावर चर्चा ठेवली होती. मी या पुस्तकावर बोलले. बोलताना दादांचा कामावर ठेवण्याचा मुद्दा मांडला आणि तो कोणाचा आहे हेही सांगितले. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "आता बाँडवर ऊसतोडवाल्यांची मते ऐकायची काय?" थोडा हशा झाला. मी पुढे बोलत राहिले, कारण टिपण हातात होते आणि हात थरथरत असला तरी अक्षर वाचता येत होते. शेवटी इंग्रजीचे सर बोलायला उठले. त्यांनी कोणाला रागे भरले नाही. एवढेच सांगितले की किंग्स्ली एमिसने १९६५ मध्ये याच कादंबरीबद्दल लिहिताना नेमकी हीच शंका काढली होती : स्कारामांगासारखा माणूस एका अनोळखी इसमाला कामावर घेतोच कसा? एमिस विद्यापीठात शिकवलेला लेखक, त्याने बाँडवर एक आख्खा टीकाग्रंथ लिहिला, आणि १९६८ मध्ये 'रॉबर्ट मारखम' या नावाने 'कर्नल सन' ही बाँडची पुढची कादंबरीसुद्धा लिहिली. ज्या फटीत त्याचा पाय अडकला त्याच फटीत दादांचाही अडकला. एकाला ती कादंबऱ्या लिहून दिसली, दुसऱ्याला पंचवीस हंगाम मुकादमाची पारख करून.

सभा संपल्यावर सर मला म्हणाले, "मत कोणाचे आहे हे सांगितलेस ते बरे केलेस." मला त्या दिवशी मिळालेल्या टाळ्यांपेक्षा हे वाक्य जास्त दिवस पुरले. आपल्यापैकी पुष्कळजण अशा घरांतून येतात जेथे पुस्तक नसते. आपण येथे येऊन मते शिकतो, आणि घरी जाताना ती पिशवीत झाकून नेतो, जणू तेथे त्यांचे गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाईक आहे, आणि ते घासाघीस फार चांगली करते.

आता माझे स्वतःचे मत. ते दादांच्या मतापाशी थांबत नाही, कारण पुस्तकाचा शेवट मी त्यांना सांगितला तेव्हा ते झोपी गेले होते.

शेवटी बाँड जखमी होऊन इस्पितळात पडलेला असतो. लंडनहून तार येते : सरकार तुला 'सर' ही पदवी देऊ इच्छिते. आणि तो ती नाकारतो. हॉटेलात आणि उपाहारगृहात जास्त पैसे मोजावे लागतील हे कारण तो गमतीने पुढे करतो, पण खरे कारण वेगळे आहे. आपण स्कॉटलंडच्या शेतकरी कुळातले, तसेच राहण्यात आपल्याला घरच्यासारखे वाटेल, असे तो कळवतो. बारा पुस्तके उंची मद्ये, उंची मोटारी आणि उंची हॉटेले मिरवलेला हा माणूस शेवटच्या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात आपली ओळख सांगतो ती 'शेतकरी' म्हणून. तो शब्द मी शब्दकोशात पुन्हा पाहिला, कारण माझा विश्वास बसेना. ज्या लेखकाला फडातला तोडणारा दिसला नाही, त्याच्या नायकाला जाता जाता आपले मूळ आठवले. आजारी माणसाला शेवटी घर आठवते म्हणतात, तसे हे झाले असेल. मला या एका पानासाठी सगळी दलदल तुडवल्याचे सार्थक वाटले.

त्याच्याच पुढच्या पानावर मात्र मी त्याच्यावर रुसले. मेरी गुडनाइट ही त्याची सहकारी त्याला आपल्या घरी राहायला बोलावते. तो जायला तयार होतो, पण मनात हेही जाणतो की कोणत्याही एका स्त्रीचे प्रेम त्याला पुरणार नाही. एकाच खिडकीतून दिसणारा देखावा रोज पाहून तो कंटाळेल. हे प्रामाणिक आहे, पण त्या खोलीत राहणारीला खिडकीतून काय दिसते हे बाराही पुस्तकांत कोणी विचारलेले नाही. तोडणारा जसा गोष्टीत नाही, तशीच एका अर्थी तीही नाही.

आता सहा जणांच्या या भांडणात गुण द्यायचे कसे? आपण सारे परीक्षा देणारे आहोत. पेपर अर्धा राहिला तर परीक्षक काय करतो हे आपल्याला माहीत आहे. न लिहिलेल्या उत्तराला तो गुण देत नाही, आणि विद्यार्थी तापाने फणफणत होता म्हणून लिहिलेल्या उत्तराचे कापीतही नाही. दादांना मी विचारले तर ते म्हणतील, जेवढे तोडले तेवढ्याचा काटा. फक्त काटा खरा पाहिजे. 'रद्दी' म्हणणाऱ्याने काटा मारला, आणि 'आजारी होता' म्हणणाऱ्याने पारड्यात दयेचे माप टाकले. फ्लेमिंगला दोन्ही नको होते. त्याला आणखी एक हिवाळा हवा होता.

म्हणून माझा हिशेब असा. पहिल्या चार प्रकरणांना पैकीच्या पैकी. मधल्या हॉटेलला आणि आगगाडीला फार तर तीस टक्के. कामावर ठेवण्याच्या प्रसंगाला शून्य, त्याबद्दल एमिस आणि दादा यांचे एकमत आहे. तारेला दिलेल्या उत्तराला पुन्हा पैकीच्या पैकी. बेरीज केली तर पुस्तक दुसऱ्या वर्गाच्या जरा अलीकडे राहते. कृपागुण एकही दिलेला नाही. ज्यांना माझी बेरीज चुकली असे वाटेल त्यांनी पुस्तक काढून वाचावे. खालची फळी, डावीकडून तिसरे. शेवटच्या पानावर अजून चार-पाच ओळींची जागा आहे.